एकाच गिटारमध्ये हंबकर आणि सिंगल-कॉइल: टोन कपॅसिटर कोणता घ्यावा?

तंतुवेडा:
नमस्कार मंडळी. माझी गिटार स्ट्रॅटोकॅस्टरच्या घडणीची आहे. तिला गळ्याकडे आणि मध्ये सिंगल-कॉइल, म्हणजे एका गुंडाळीचे, पिकअप (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) आहेत, ब्रिजपाशी हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप, आहे आणि तिन्हींना मिळून टोनचा, म्हणजे आवाजाचा उजळपणा उतरवणारा, एकच नॉब आहे. नॉब दहावर असताना काहीच तक्रार नाही. पण तो पूर्ण खाली आणला की हंबकरचा आवाज गढूळ होतो आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवलेले सूर बँडमध्ये ऐकूच येत नाहीत. गळ्याकडच्या पिकअपवर मात्र हाच नॉब छान मऊ आवाज देतो. पिकगार्ड (तारांखालचे झाकण) उघडल्यावर आत टोनच्या नॉबला जोडलेला, ४७३ असे छापलेला हिरवा चपटा कपॅसिटर दिसला. आता मूल्य बदलावे, की कपॅसिटरचा प्रकारच बदलावा? तेल-कागदाच्या ६०० व्होल्टच्या कपॅसिटरची किंमत वाचल्यावर गिटारच स्वस्त वाटू लागली आहे.

डागडुजी:
४७३ म्हणजे ४७ वर तीन शून्ये इतके पिकोफॅरड, अर्थात ४७ नॅनोफॅरड. फक्त सिंगल-कॉइल असलेल्या गिटारमध्ये हे मूल्य रुळलेले आहे, तर हंबकरच्या गिटारमध्ये २२ नॅनोफॅरड. यामागचे कारण समजले की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. पिकअप ही हजारो वेढ्यांची गुंडाळी असल्यामुळे तिला इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला अडवण्याचा गुण, हेन्रीत मोजतात) असतो. स्ट्रॅटच्या सिंगल-कॉइलचा ढोबळमानाने अडीच हेन्री, तर हंबकरचा साडेचारच्या आसपास. नॉब शून्यावर आणला की कपॅसिटर सरळ या गुंडाळीला जोडला जातो आणि दोघे मिळून एका ठरावीक कंप्रतेवर छोटासा उठाव देतात. त्याच्या वरचे सगळे मात्र झपाट्याने उतरते. अडीच हेन्रीला ४७ नॅनोफॅरड जोडले तर हा उठाव सुमारे ४६५ हर्ट्झवर येतो आणि साडेचार हेन्रीला २२ जोडले तर सुमारे ५०५ वर. म्हणजे आकडे वेगळे दिसले तरी दोन्ही परंपरा जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात.

आपल्या हंबकरला मात्र ४७ जोडलेला आहे, त्यामुळे उठाव साधारण ३४५ हर्ट्झपर्यंत खाली घसरतो. पहिली तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ सूर ३३० हर्ट्झचा आणि बाराव्या फ्रेटवर ६५९ चा. तेव्हा बाराव्या फ्रेटच्या पुढे केवळ वरचे हार्मोनिक्सच (मूळ सुराच्या पटीतले सूर) जातात असे नव्हे, तर मूळ सूरही उतारावर येतो, आणि आपण ज्याला गढूळ म्हणता ते नेमके हेच. सरळ २२ लावला तर हंबकर सुधारेल, पण गळ्याकडचा पिकअप ६८० हर्ट्झच्या आसपास थांबेल आणि आपल्याला आवडणारा मऊपणा कमी होईल. म्हणून मी ३३ नॅनोफॅरड सुचवेन, म्हणजे छापील ३३३. त्याने हंबकर सुमारे ४१५ वर आणि सिंगल-कॉइल ५५५ वर येतो.

व्होल्टेजची काळजी सोडा. पिकअपमधून निघणारा सिग्नल इतका लहान असतो की ५० व्होल्टचा कपॅसिटरही गरजेच्या कितीतरी पुढचा ठरतो. ४०० आणि ६०० व्होल्टचे भाग व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी लागतात. गिटारच्या खाचेत ते फक्त जागा अडवतात.

निषाद:
३३ बद्दल मी सहमत आहे, पण प्रकाराला इतके कमी लेखू नये. १९५० च्या दशकातल्या लेस पॉल गिटारमधले पट्ट्यापट्ट्यांचे 'बम्बलबी' कपॅसिटर लोक उगाच शोधत नाहीत. मला तेल-कागदाचा आवाज अधिक गोल वाटतो.

डागडुजी:
निषादजी, गोलपणा आपल्याला ऐकू येतो याबद्दल शंका नाही. प्रश्न तो कशामुळे येतो इतकाच आहे. जुन्या कागदी कपॅसिटरमध्ये दमट हवा शिरते, वर्षानुवर्षांत मूल्य सरकते आणि २२ छापलेला भाग मीटरवर भलताच आकडा दाखवतो. नव्यातही छापील मूल्यापासून ±२० टक्के फरकाची सूट असेल, तर २२ चा कपॅसिटर १८ किंवा २६ असू शकतो, आणि तेवढा फरक नॉब शून्यावर असताना कानाला कळतो. मीटरवर समान मूल्य देणारा पॉलिएस्टर आणि तेल-कागदाचा असे दोन शेजारी लावून ऐका. माझ्या मते मग किमतीखेरीज काही उरणार नाही. मी फक्त एक प्रकार टाळतो: 'झेड' अक्षर छापलेला स्वस्त सिरॅमिक. त्याची सूट −२० ते +८० टक्के असते आणि तापमानाबरोबर मूल्यही हलते. 'जे' म्हणजे ±५ टक्के. असा पॉलिएस्टर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळतो.

तंतुवेडा:
मनापासून आभार. ३३ लावल्यावर नॉब दहावर असतानाचा आवाजही बदलेल का? तो मला तसाच हवा आहे.

डागडुजी:
बदलणार नाही. दहावर असताना कपॅसिटरच्या आड पूर्ण पॉट (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रोधक) उभा असतो, २५० किंवा ५०० किलोओहमचा. त्याच्यापुढे २२ असो वा ४७, एक किलोहर्ट्झला कपॅसिटरचा विरोध अवघा तीन ते सात किलोओहम. तिथला उजळपणा ठरवतात पॉटचे मूल्य आणि केबलची लांबी. म्हणून पॉटला हात लावू नका.

विकत घेताना २२, ३३ आणि ४७ असे तिन्ही घ्या. जुन्या कपॅसिटरच्या जागी दोन बारीक वायरी सोल्डरने डाग देऊन जोडा, त्या पिकगार्डच्या कडेखालून बाहेर काढा, तारा चढवा आणि क्रोकोडाइल क्लिपांनी एकेक कपॅसिटर अडकवून पाहा. ऐकताना नॉब शून्यावर ठेवा आणि अ‍ॅम्प नेहमीच्या ड्राइव्हवर (आवाज फाटू देणाऱ्या पातळीवर). १९६७ च्या सुमारास एरिक क्लॅप्टनने गाजवलेला 'वुमन टोन' असाच, टोन पूर्ण उतरवून आणि अ‍ॅम्प तापवून काढलेला आहे, स्वच्छ आवाजात तो फक्त मंद वाटेल. पसंत पडलेल्या कपॅसिटरचे पाय कापण्याआधी त्यांवर प्लास्टिकची नळी चढवा, नाहीतर पिकगार्ड बंद करताना ते पॉटच्या पाठीला टेकतात आणि नॉब कुठेही असला तरी आवाज बसकाच राहतो.