प्रशिक्षणार्थी भरतीचे स्वयंचलित एसएमएस: माणसाने मध्ये कुठे यावं? (मदत हवी आहे)

नमस्कार. आमच्या फार्मसीच्या शाखांसाठी प्रशिक्षणार्थी निवडणं आणि त्यांना पहिले काही महिने शिकवणं हे माझं काम आहे. आधी प्रत्येक अर्जदाराला मी स्वतः फोन करायचे. अनोळखी नंबर बहुतेक जण उचलत नाहीत, आणि संध्याकाळी त्यांचा उलटा फोन येतो तेव्हा मी काउंटरवर असते. म्हणून यंदा स्वयंचलित एसएमएस सुरू केले. अर्ज आला की पाच प्रश्न जातात (कधीपासून येऊ शकाल, शनिवारी चालेल का वगैरे), उत्तरादाखल १ किंवा २ पाठवायचं आणि शेवटी मुलाखतीची वेळ निवडायची.

सुरुवात चांगली झाली, पण तिसऱ्या प्रश्नापाशी माणसं गप्प होऊ लागली. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बसून सगळे रिप्लाय एकेक करून वाचले.

एका मुलीने लिहिलं होतं, "मला एका कानाने कमी ऐकू येतं. काउंटरवर चालेल का?" आमच्या यंत्राने उत्तर दिलं, "समजलं नाही. कृपया १ किंवा २ पाठवा." तिने तोच प्रश्न पुन्हा, जरा सविस्तर विचारला. पुन्हा तेच उत्तर. त्यानंतर तिच्याकडून काही नाही. हे वाचल्यापासून मला चैन नाही. औषधं देताना समोरच्याचं नीट ऐकून घ्या, हेच मी पहिल्या दिवसापासून शिकवते.

दुसरी चूक तर साधी होती. बऱ्याच जणांनी मराठी कीबोर्डवरून '१' पाठवला होता. यंत्राला फक्त इंग्रजी एक कळत होता, त्यामुळे बरोबर उत्तर देऊनही त्यांना "समजलं नाही" गेलं. ते दुरुस्त करून घेतलं आहे.

लांबीचाही घोळ आहे. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'प्रशिक्षणार्थी' हा एकच शब्द १४ जागा खातो! मेसेज लांबला की त्याचे तुकडे होतात, आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७च जागा मिळतात. एकाने कळवलं की त्याच्या जुन्या फोनवर शेवटचा तुकडा आधी आला.

तर विचारायचं हे: यंत्राने कुठे थांबावं आणि माणसाने कुठे यावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. आणि त्या मुलीला आता फोन केला तर उशीर झाला असं वाटेल का?

प्रतिसाद १

फोन आजच करा. उशीर झालाय तो झालाय, तसं सरळ सांगा.

आमच्याकडे नियम असा आहे की ठरलेल्या उत्तरांपलीकडचं काहीही आलं की ते थेट माणसाकडे जातं. यंत्र एकदाच कळवतं, "तुमचा प्रश्न पुढे दिला आहे, उद्या दुपारपर्यंत फोन येईल." पण फोन खरोखर जाणार असेल तरच हे लिहा. "समजलं नाही" हे वाक्य तर काढूनच टाका.

पाठवणारा म्हणून नंबराऐवजी अक्षरी नाव दिसत असेल, तर त्यावर रिप्लाय करता येत नाही. दोन्हीकडून बोलायचं तर नंबरच हवा. 'थांबा' लिहिलं की मेसेज बंद झालेच पाहिजेत, मग कोणी तो शब्द कसाही लिहो. तब्येतीबद्दल एसएमएसवर काहीही विचारू नका. कोणी आपणहून सांगितलं तर पुढचं बोलणं फोनवर करा. आणि 'पोहोचला' अशी नोंद दिसली म्हणजे मेसेज फोनपर्यंत गेला, वाचला असं नाही.

प्रतिसाद २

लोक तिसऱ्या प्रश्नाला गप्प होतात, त्या मेसेजमध्ये लिंक आहे का? नोकरीच्या नावाखाली फसवणुकीचे इतके मेसेज येतात की लिंक दिसली की मी स्वतः पुसून टाकते. लिंक काढा. तुमच्या वेबसाइटवर जो नंबर आहे त्याच नंबरवर चौकशी करा, असं लिहा.

आणखी एक, परीक्षा एसएमएसवर घेऊ नका. हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सीझिन ही नावं दिसायला जवळची, पण पहिलं रक्तदाबाचं आणि दुसरं खाज, अस्वस्थता यांसाठीचं. मुलगा तिथे अडखळून पुन्हा वाचतो की अंदाजाने पुढे जातो, हे समोर बसल्यावरच दिसतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. हो, तिसऱ्या प्रश्नात लिंक होती. आजच काढली.

पहिला मेसेज आता असा केलाय: "आपला अर्ज मिळाला. माणसाशी बोलायचं असल्यास ० पाठवा." यात ५० जागा जातात, उरलेल्या २० मध्ये आमचं नाव बसतं. शून्य कुठल्याही कीबोर्डवरचा चालतो, स्वतः दोन्ही पाठवून पाहिले.

त्या मुलीला दुपारी फोन केला, माफी मागितली. ऐकू येणाऱ्या कानाची बाजू ग्राहकाकडे राहील अशी जागा काउंटरवर देता येईल, असं सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे मी अजून यादीत आहे?" परवा ती भेटायला येतेय.

एक अडचण राहिलीच आहे. रात्री उशिरा आलेले '०' कोणी बघायचे? आम्ही दोघीच आहोत. तुमच्याकडे पाळी लावता का?