मदत हवी आहे: बाळाला पहिल्यांदा पूलमध्ये उतरवायचंय, रविवारच्या आत सांगा

घाईतली
रविवारी बाळाला पहिल्यांदाच पूलमध्ये नेतोय. कॉस्च्यूम, टोपी, गळ्यात घालायची फुगवायची रिंग, सगळी खरेदी झाली. दोनच प्रश्न आहेत. नेहमीचा डायपर चालेल का? आणि पाण्यात किती वेळ ठेवायचं? "डॉक्टरांना विचारा" हे कृपया नको, विचारून झालंय, ते हो म्हणालेत.

काठावरचा
बाळ किती महिन्यांचं? मान धरली का? पूल कुठला, पाणी किती गरम, किती वाजता नेणार? यातलं काहीच माहीत नसताना "किती वेळ" कसं सांगणार?

घाईतली
सात महिन्यांची आहे. मान कधीच धरली, आता टेकून बसते. पूल आमच्या सोसायटीचाच, पुण्यात. पाणी तापवत नाहीत, पण मे महिन्यात थंड कशाला असेल? सकाळी सातला जाणार, तेव्हा गर्दी नसते. डायपरचं सांगा ना कोणीतरी.

पाणकावळा
नेहमीचा डायपर अजिबात नको. तो पाणी शोषायलाच बनवलेला असतो. पूलमध्ये गेला की फुगून जड होतो, खाली ओघळतो, आणि फाटला की आतली जेल फिल्टरमध्ये जाते. स्विम डायपर घ्या. तो शी काही वेळ अडवतो, शू अडवत नाही, म्हणून घरून घालून निघालात तर गाडीची सीट ओली होणार. काठावर गेल्यावरच घाला. त्यावर मांडीला आणि कमरेला घट्ट इलॅस्टिक असलेली धुण्याची पँट चढवा. इलॅस्टिकखाली एक बोट जेमतेम जावं, दोन सहज जात असतील तर माप मोठं आहे. शी झाली तर लगेच बाहेर, आणि बदलायचं ते बाथरूममध्ये, पूलच्या काठावर नाही. जुलाब झाले असतील तर थांबल्यावर निदान दोन दिवस पूल बंद.

खोबरेलवाटी
अगं, उतरवायच्या आधी अंगाला छान तेल चोळ, म्हणजे क्लोरीन लागत नाही. कानात दोन थेंब टाक. आणि घरी आल्यावर वेखंड-ओव्याची धुरी दे, सर्दी व्हायची नाही.

काठावरचा
आजी, माफ करा, पण तेल लावलेलं बाळ पाण्यात साबणाच्या वडीसारखं हातातून निसटतं. मालीश करायचीच असेल तर आदल्या दिवशी. कानातही काही घालायचं नाही. बाहेर आल्यावर मान एकेका बाजूला कलती करायची आणि पंचाच्या टोकाने बाहेरचा कान टिपायचा, बस. गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असेल तर काढून ठेवा.

खोबरेलवाटी
बरं, तेल राहू दे. पण धुरीने काय बिघडतं?

पाणकावळा
धूर बाळाच्या छातीत जातो, ते बिघडतं. अवांतर आहे, वेगळा धागा काढा.

क्लोरीनकाका
सोसायटीचा पूल म्हटल्यावर माझा पहिला प्रश्न: पाणी तपासतं कोण? मोकळा क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक असलेला) १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क ते) ७.२ ते ७.८ हवा. पीएच ८ च्या वर गेला की तेवढाच क्लोरीन जंतूंवर पुरेसा चालत नाही. पूलवाल्याकडे दोन नळ्यांची किट असते. एकीत पिवळा रंग येतो तो क्लोरीन, दुसरीत लाल-केशरी येतो तो पीएच. पाणी वरवरचं घ्यायचं नाही, कोपरापर्यंत हात बुडवून खालचं घ्यायचं. पिवळ्या नळीचा रंग पहिल्या काही सेकंदांतच तक्त्याशी ताडून बघा. नंतर तो गडद होत जातो, कारण घाम-लघवीशी जोडला गेलेला क्लोरीनही त्यात दिसायला लागतो.
आणि एक गैरसमज. पूलला उग्र वास येतो म्हणजे क्लोरीन जास्त, असं नाही. तो वास याच जोडलेल्या क्लोरीनचा. डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. बंदिस्त पूल असेल आणि असा वास येत असेल तर बाळाला घेऊन परत फिरा.

गॉगलगाय
गॉगलवर वाफ धरत असेल तर बेबी शाम्पूचा एक थेंब आतून चोळा आणि हलकेच विसळा.

घाईतली
गॉगल कोणी विचारला?? वेळेचं सांगा.

तिसरा_मजला
ताई, वेळेच्या आधी ती गळ्यातली रिंग. इतके प्रतिसाद झाले आणि तिच्यावर कोणीच बोललं नाही! ती वापरू नका. हवा थोडी कमी झाली किंवा बकल सैल असलं की बाळाची हनुवटी आत सरकते आणि तोंड-नाक पाण्यात जातं. घट्ट बसली तर मानेवर ताण येतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२२ मध्ये या रिंगांबद्दल उघड इशारा दिला होता, त्यात एका बाळाच्या मृत्यूचा उल्लेख आहे. दंडातले फुगे आणि बसायची ट्यूब हीसुद्धा खेळणीच. सात महिन्यांच्या बाळाला फक्त तुमचे दोन हात.
पाणी छातीपर्यंत येईल तिथे उभं राहा. बाळ तुमच्याकडे तोंड करून, तुमचे तळवे तिच्या काखेत, तिचे खांदे पाण्यात, हनुवटी पाण्याच्या वर. खांदे बाहेर राहिले की वाऱ्याने अंग झपाट्याने गार पडतं, आणि नवखे आईबाप नेमके हेच करतात, भीतीपोटी बाळाला उचलून धरतात. बाळाला कडेवर घेऊन शिडी उतरू नका. एकाने आधी उतरायचं, दुसऱ्याने काठावर बसून बाळ त्याच्या हातात द्यायचं. बाहेर येताना याच्या उलट. म्हणजे मोठी माणसं दोन हवीत, आणि दोघांचेही फोन पिशवीत.

डुबकीवाला
रिंगचं पटलं. पण एक चांगली संधी घालवू नका. लहान बाळं पाण्यात आपोआप श्वास रोखतात. चेहऱ्यावर फुंकर मारायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि अलगद खाली न्यायचं. नंतर पाण्याची भीती राहत नाही.

काठावरचा
नका हो असं सांगू. ती प्रतिक्षिप्त क्रिया सहाव्या महिन्याच्या आसपास मावळायला लागते. असते तेव्हाही ती श्वास रोखते, गिळणं थांबवत नाही. बाळ पाणी पितं. पुन्हा पुन्हा बुडवलं तर पोटात इतकं पाणी जाऊ शकतं की रक्तातलं सोडियम उतरून फिट येते.

डुबकीवाला
एका डुबकीने काही होत नाही. सगळीकडे शिकवतात.

तिसरा_मजला
शिकवतात म्हणून पहिल्याच दिवशी कशाला? ओंजळीने खांद्यावर पाणी सोडा, तेवढं पुरे. नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागलाच तर त्या दिवशी लक्ष ठेवा. खोकला थांबत नाही, श्वास जोरात चाललाय, बरगड्या आत ओढल्या जातायत, बाळ मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर सरळ हॉस्पिटल. आणि पाण्यातून काढल्यावर श्वासच नसेल तर: एकाने १०८ लावायचा. दुसऱ्याने बाळाचं नाक-तोंड मिळून आपल्या तोंडात धरून आधी पाच छोटे श्वास द्यायचे, मग छातीच्या मध्यावर ३० दाब, साधारण ४ सेंटिमीटर खोल, मग २ श्वास, आणि हेच चालू. पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढत बसायचं नाही.

पाणकावळा
आता वेळ. तापमान मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. एवढ्या बाळाला ३० ते ३२ अंश बरं. उघड्या पूलचं पाणी पहाटे सगळ्यात थंड आणि चार-पाच वाजता सगळ्यात कोमट, तुम्ही नेमकी उलटी वेळ धरलीय. रोज ३७ अंशांच्या आंघोळीची सवय असलेल्या बाळाला २७ म्हणजे बर्फ. या वयात मोठ्यांसारखी कुडकुड नीट होत नाही, म्हणून "कुडकुडत नाहीये, मजेत आहे" हे खरं धरू नका. ओठ निळसर, तळवे गार, बाळ एकदम गप्प, की बाहेर. ३० अंशांवर पहिल्या दिवशी दहा मिनिटं, पुढे हळूहळू वीस. दूध पाजून अर्धा-पाऊण तास झालेला हवा.

क्लोरीनकाका
संध्याकाळी जा म्हणताय, पण दिवसभराच्या उन्हाने क्लोरीन उडतो. पाचला तो जवळजवळ संपलेला असू शकतो. आधी तपासा. आणि क्लोरीन नुकताच टाकलेला असेल तरी उतरू नका.

घाईतली
आज आंघोळीचा थर्मामीटर पूलमध्ये धरला. सकाळी सातला २७, संध्याकाळी पाचला ३०. रिंग परत करतेय. पाचलाच जाऊ, पूलवर सावली आली की. नवरा पाण्यात, मी काठावर. फक्त किटचं अडलंय. पूलवाला म्हणतो किट ऑफिसात आहे आणि किल्ली सेक्रेटरींकडे, ते गावाला गेलेत.

क्लोरीनकाका
म्हणजे ते गेल्यापासून पाणी तपासलेलंच नाही. दुकानात साधी किट मिळते, ती आणा. नाही मिळाली तर गच्चीत फुगवायचा टब लावा, ३२ अंशांचं स्वच्छ पाणी भरा, हात बाळावरून काढू नका आणि झालं की लगेच ओतून द्या. पूल पुढच्या रविवारी.

खोबरेलवाटी
टबच बरा. आणि धुरीचा धागा काढलाय मी, सगळ्यांनी या.