मदत हवी आहे: एकाच आवृत्तीच्या प्रतींमध्ये चित्रांचे ठसे वेगळे असू शकतात का?

आर्तुरो पेरेस-रेव्हेर्ते यांच्या ‘द क्लब द्युमा’ (१९९३) या कादंबरीवर मला वाचनगटात बोलायचे आहे. दुर्मिळ ग्रंथांचा माग काढणारा लुकास कोर्सो १६६६ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या, सैतानाला पाचारण करण्याविषयीच्या एका काल्पनिक ग्रंथाच्या तीन प्रती ताडून पाहतो, आणि लाकडी ठशांवरून छापलेल्या नऊ चित्रांतले बारीक फरक त्याला सापडतात. सगळे रहस्य या फरकांवर उभे असल्यामुळे ते मुद्रणाच्या दृष्टीने कितपत शक्य आहेत, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

मजकुरातल्या फरकांबद्दल मी वाचले आहे. छपाई चालू असतानाच चुका दुरुस्त होत आणि आधी छापलेले कागदही वापरले जात, म्हणून शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’ या संग्रहाच्या प्रतीही एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. लाकडी ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर (छपाईच्या टाइपांबरोबर) एकाच चौकटीत बसत असल्याने तो मध्येच बदलणे यांत्रिकदृष्ट्या अवघड नसावे, असे मला वाटते. तांब्याच्या पत्र्यावरील चित्रांना मात्र वेगळे यंत्र लागत असे, त्यामुळे ती उदाहरणे येथे उपयोगी पडणार नाहीत. मागाहून घातलेली नकली पानेही मला नको आहेत. मी कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली आहे आणि मला स्पॅनिश येत नाही. कृपया शेवट उघड करू नये.

सोळाव्या-सतराव्या शतकातील एखाद्या खऱ्या ग्रंथाच्या एकाच आवृत्तीत, एकाच चित्रासाठी दोन वेगळे लाकडी ठसे वापरल्याचे उदाहरण कोणाला माहीत आहे का?