मदत हवी आहे: भावाचा क्लब ३० तारखेला बंद होतोय

मृग_नक्षत्र: भावाचा क्लब या ३० तारखेला बंद होतोय. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते सहा. नऊ वर्षं न चुकता जातोय. ट्रस्टला हॉल लग्नकार्याला भाड्याने द्यायचाय आणि चालवणाऱ्या मॅडम मुलाकडे बंगळूरला चालल्यात. तसलं दुसरं कुठे चालू आहे का? बारा दिवस उरलेत, लवकर सांगा. समुपदेशकांचे नंबर नकोत, आहेत.

निवांतकाका: कसला क्लब? ब्रिजचा असेल तर आमच्या मुलुंडला चांगला ग्रुप आहे.

मृग_नक्षत्र: ब्रिज नाही हो काका. मानसिक आजार असलेल्यांचा. दादाला स्किझोफ्रेनिया आहे.

तेजू: मग ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे विचारा, त्यांचं 'त्रिदल' याच लोकांसाठी आहे. पुण्यात असाल तर धायरीला 'सा'चं केंद्र, डॉ. जगन्नाथ वाणींनी स्किझोफ्रेनियासाठीच सुरू केलेली संस्था.

मृग_नक्षत्र: आम्ही सांगलीला असतो. लिहायचं राहिलं.

अर्धवट: म्हणजे मुख्यच राहिलं. वय काय? औषधं? एकटा जातो-येतो का?

मृग_नक्षत्र: ४३. क्लोझापिन चालू आहे, रक्ततपासणी वेळच्या वेळी. विश्रामबागेतून सिटी बसने एकटा जातो. तिथला चहा तोच करतो. अठरा पेले मांडतो, जो आला नाही त्याचा पेला उपडा ठेवतो. घरी दिवसभरात दहा शब्द बोलत नाही, तिथे कॅरमवरून चक्क भांडतो.

खडूस_७१: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. क्लब म्हणजे टाइमपास. कामाला लावा. आमच्या मेहुण्याला पिठाच्या गिरणीत बसवला, सहा महिन्यांत माणसात आला.

तेजू: आधी कशात होता?

खडूस_७१: शब्दात पकडू नका ताई. दोन तास चहा पिऊन आजार बरा होत नाही.

अर्धवट: बरा होतो असं म्हटलंय कोणी? गोळ्यांनी कानातले आवाज कमी होतात, मित्र मिळत नाहीत. माझी बहीण पंधरा वर्षं गोळ्या घेतेय, तिच्या फोनमध्ये घरचे सोडून एकही नंबर नाही.

शुभचिंतक: ४३ म्हणजे अजून उशीर झालेला नाही. चांगली मुलगी बघा, जबाबदारी पडली की सगळं सुरळीत होतं.

तेजू: आणि त्या मुलीचं काय? ती काय गोळी आहे का, दिवसातून दोनदा द्यायला?

नम्रता_क: टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि निरामय विम्याचा फॉर्म भरून टाका, लाखभराचं कव्हर मिळतं.

फाइलवाला: निरामय भरू नका, फुकट हेलपाटे. ती नॅशनल ट्रस्टची योजना: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता. स्किझोफ्रेनिया त्यात बसत नाही. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, ते कार्ड मात्र काढा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ वाचा. समाजात राहून पुनर्वसनाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

मृग_नक्षत्र: कार्ड आहे. अर्जही देईन. पण उत्तर येईपर्यंत दादाने मंगळवारी चार वाजता कुठे जायचं?

निवांतकाका: ब्रिज शिकायला काय हरकत आहे? मेंदूला व्यायाम होतो.

रेवा: मृग, उरलेले सतरा जण कुठे जाणार आहेत? मला तर वाटतं तुमचा क्लब म्हणजे ती माणसं, हॉल नव्हे. न्यूयॉर्कचं फाउंटन हाउस, असाच मानसिक आजार असलेल्यांचा क्लब, १९४८चं, पण त्याआधीच इस्पितळातून सुटलेले काही पेशंट आपले आपण भेटत होते, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. तुमच्याकडे पायऱ्या नसतील तर वाचनालयाची खोली विचारा, दुपारी रिकामीच असते. आणि सिव्हिलमधल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, नवी माणसं त्यांच्याकडूनच कळतील. दादाला सांगितलंय का?

मृग_नक्षत्र: नाही. आई म्हणते आधी दुसरी सोय बघ, मग सांग. मागे बाबा गेले तेव्हा त्याला तीन आठवडे ॲडमिट करावं लागलं होतं.

खडूस_७१: आई बरोबर आहेत. उगाच ताण देऊ नका.

अर्धवट: अजिबात नाही. ३१ तारखेला तो बसने जाऊन कुलूप बघेल, तो ताण कमी का? डॉक्टरांना फोन करून ठेवा आणि आजच सांगा.

मृग_नक्षत्र: काल सांगितलं. त्याला माहीत होतं! आठवडाभर माहीत होतं, आईला त्रास नको म्हणून बोलला नव्हता. हजेरीची वही घरी आणून ठेवलीय, त्यात सगळ्यांचे नंबर त्याच्या अक्षरात. अकरा जणांना फोन झालेत. चहा आमच्याकडे, गच्चीवर, मंगळवारी चारला. शुक्रवारचं अजून ठरत नाहीये. पावसाळ्यात काय करायचं तेही माहीत नाही, रेवाताई, वाचनालयात सोमवारी जाते.

रेवा: वा. पेले आहेत का अठरा?

मृग_नक्षत्र: पेले शेजारून आणू. कॅरम बोर्ड मात्र ट्रस्टच्या यादीत आहे म्हणे, देणार नाहीत. सांगली-मिरजेत कोणाकडे माळ्यावर पडलाय का? सोंगट्या नसल्या तरी चालेल, स्ट्रायकर दादाच्या खिशात आहे.

शुभचिंतक: आमच्याकडे आहे, पण मी नागपूरला.