मदत हवी आहे: काल्म्स सेंट जॉन्सवर्टच्या फांद्या वाळल्यात, छाटू की थांबू?

नमस्कार मंडळी,

मी पश्चिम मिशिगनमध्ये राहते, लेक मिशिगनपासून पंधरा मिनिटांवर. अंगण म्हणजे नुसती वाळू. इथलंच मूळचं झुडूप हवं म्हणून दोन वर्षांपूर्वी काल्म्स सेंट जॉन्सवर्टची (हायपेरिकम काल्मियानम) दोन रोपं आणली. एक गाडीच्या वाटेकडेच्या कोरड्या वाळूत लावलं, दुसरं छपराचं पाणी जिथे साचतं त्या खोलगट कोपऱ्यात.

गेल्या जुलैत दोन्ही फुलली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर ती म्हणाली, "अगं, ही तर आपली सोनकी!" सोनकी नव्हे, याला पाच पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचा दाट झुपका. पण साताऱ्याकडच्या पठारावरचा तो पिवळा रंग इथे दारात दिसला आणि या झाडांत जीव अडकला.

आता मे उजाडला. कोरड्या जागेतल्या झाडाला पालवी फुटलीय, कोपऱ्यातल्याच्या मात्र सगळ्या फांद्या वरून काडीसारख्या. याला आम्लधर्मी दलदल लागते असं वाचून मी शरदात तिथे गंधक घातलं, वर लाकडाच्या भुशाचा जाड थर दिला. माती तपासली तेव्हा पीएच ७.५, म्हणजे किंचित अल्कधर्मी होता. माझ्या हातून मेलं का ते? आणि रोपांवर चिठ्ठी नव्हती, त्यामुळे जात तरी हीच आहे ना?

प्रतिसाद:
ताई, घाईने उपटू नका. बुंध्याजवळ नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. वाळलेलं तेवढं आत्ताच कापा. हे झुडूप नव्या फुटव्यांवर फुलतं, त्यामुळे यंदाची फुलं जाणार नाहीत.

गंधक मात्र बंद करा. या झाडाचं खरं घर म्हणजे तुमच्याच तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधले ओले खळगे, आणि तिथली वाळू चुनखडीची असते. ७.५ त्याला छान चालतो. भुसाही बुंध्यापासून वीतभर मागे सारा, थंडीत तिथे ओल धरून राहते.

जातीचं म्हणाल, तर गेल्या वर्षीची बोंडं फांदीवर असतील, ती बघा. काल्मियानममध्ये बोंडाचे सहसा पाच भाग असतात, तर हायपेरिकमच्याच प्रोलिफिकम या दुसऱ्या जातीत तीन. पेर काल्म हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य १७४८ ते १७५१ इकडे उत्तर अमेरिकेत फिरला. त्याच्या नावावरून लिनियसने १७५३ मध्ये या झाडाचं नाव ठेवलं.

मूळ लेखिका:
खूप आभार! आत्ताच जाऊन आले. वरच्या फांद्या पूर्ण कोरड्या, पण जमिनीपासून चार बोटांवर साल हिरवीगार आहे. भुसा हाताने मागे ओढला तर खाली गुलाबीसर दोन कोंब दिसले! कात्री आणून वाळलेलं कापलं. बोंडं फोडून मोजली: पाच, पाच, पाच, एकात चार. म्हणजे काल्मियानमच ना?

एकच शंका उरली. गंधक आधीच मातीत गेलंय, ते वरवर खरवडून काढू की पावसावर सोडू? गेल्या वर्षी भुंगे सकाळपासून या फुलांवर परागासाठी लोळत होते, त्यांना यंदा कोपरा रिकामा दिसू नये.