दीड स्टार मिळालेला सिनेमा आईला आवडला. तिचं चुकलं का?

सुरंगी (वेंगुर्ला)

गौरी-गणपती झाले, मुंबईचे चाकरमानी अजून घरात होते, म्हणून आम्ही सगळे मिळून एक मराठी सिनेमा बघायला गेलो. तासाभराचा गाडीचा प्रवास. सिनेमाचं नाव देत नाही, कारण मग चर्चा त्या एका सिनेमावरच अडकेल. घरगुती कथा, सासुरवास, दोन भावांची फाटाफूट आणि शेवटी सगळे एका पंगतीला. मला आवडला. आईला तर फारच आवडला. मध्यंतरात चहा घेतानाही तिचे डोळे ओलेच होते.

परतताना गाडीत माझ्या पुतणीने मोबाईलवर परीक्षण उघडलं आणि मोठ्याने वाचलं. दीड स्टार. कथा जुनाट, रडारड अती, उत्तरार्ध ताणलेला. पुढे असंही लिहिलं होतं की अशा सिनेमांना अजून प्रेक्षक मिळतो हीच खेदाची गोष्ट आहे.

आई गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आमका काय कळता त्यातला."

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. परीक्षणात दाखवलेले दोष मलाही दिसले होते. उत्तरार्ध लांबलाच आहे. पण सिनेमाचे दोष सांगून थांबण्याऐवजी तो आवडणाऱ्या माणसाला कमी लेखणं, हे समीक्षेत कुठून आलं? 'माहेरची साडी' १९९१ साली आला तेव्हाही शहरी लोकांनी नाकं मुरडली होती आणि गावोगावच्या बायकांनी तो डोक्यावर घेतला होता. त्या सगळ्या बायका बिनडोक होत्या का? आपलं 'वस्त्रहरण' घ्या. गावातली मंडळी नाटक बसवतात आणि त्याचा बोजवारा उडतो, एवढीच गोष्ट, तीही मालवणीत. त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले.

परवा टीव्हीवर एक सिनेमा लागला तर आईने आधी विचारलं, "ह्याका कितके स्टार आसत?" पन्नास वर्षं ती आपल्या मनाने नाटक-सिनेमा बघत आली आहे. तिने असं विचारावं याचं मला खूप वाईट वाटलं.

रापण (मालवण)

ताई, आईंबद्दल वाईट वाटलं. त्या परीक्षणातलं शेवटचं वाक्य चुकीचंच आहे. पण बाकीच्या मुद्द्याला माझा विरोध आहे.

पाच माणसं घेऊन तासभर लांबच्या थिएटरात जायचं म्हणजे तिकीट, गाडी, खाणं धरून खर्च किती होतो ते तुम्हालाही माहीत आहे. आमच्यासारख्यांचं वर्षातून दोनदा जाणं होतं. बंदरावर लिलावात आपण सुरमईचे कल्ले उघडून बघतो ना? लाल असतील तरच बोली. समीक्षक माझ्या वतीने कल्ले उघडून बघतो. त्याने शिळं म्हटलं तर मी त्याच्यावर का रागवू?

आणि 'वस्त्रहरण'चं उदाहरण तुमच्या बाजूने नाही, उलट आहे. १९८० साली ते आलं तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगांना गर्दी नव्हती. पु. ल. देशपांड्यांनी ते बघितलं, मनापासून दाद दिली, आणि त्याचा नाटकाला मोठा आधार झाला. गंगाराम गवाणकरांचं लेखन आणि मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच आधीही तितकाच चांगला होता. पण एका जाणकाराने 'हे बघा' म्हटलं आणि लोक वळले. जाणकाराचा शब्द कौतुकात चालतो, तर नापसंतीत का चालू नये?

घावणे_रस

माका आवडला म्हणजे आवडला. हेच्यात चर्चा कसली?

जांभा (रत्नागिरी)

@घावणे_रस, चर्चा आहे, कारण सिनेमा संपल्यावर तो डोक्यातून जात नाही.

माझी मावशी अशाच सिनेमांवर वाढली. सून सोसते, सोसते, सोसते, आणि मरते तेव्हा किंवा मरता मरता वाचते तेव्हा सगळ्यांना तिची किंमत कळते. या सिनेमांनी सोशिकपणाला देव्हाऱ्यात बसवलं. मावशीने सतरा वर्षं काढली त्या घरात. माहेरी परत ये म्हटलं की ती सिनेमातलीच वाक्यं बोलायची. मी तिला दोष देत नाही. पण एखादा समीक्षक 'ही गोष्ट बाईला सोसायला शिकवते' असं लिहितो, तेव्हा तो माझ्या मावशीच्या बाजूने उभा असतो असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण आपल्या घरचंच. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ साली सुरू झाली. चित्रीकरण सिंधुदुर्गातल्या आकेरीत. मी एक भाग चुकवला नाही, ते मान्य करते. मालवणी रोज टीव्हीवर ऐकायला मिळत होती, वाडा आपला होता, माडाची झावळं आपली होती. पण सिंधुदुर्गातूनच तक्रार झाली होती की ही मालिका अंधश्रद्धेला खतपाणी घालते आणि कोकणाची बदनामी करते. ती तक्रार मला तेव्हाही बरोबर वाटली. पुण्यात माझ्याबरोबर राहणाऱ्या मुली मला खरोखर विचारायच्या, तुमच्याकडे घरोघर करणी करतात का? मालिका बघताना मला मजा आली आणि टीका बरोबर होती, दोन्ही खरं. मजा आली म्हणून टीका खोटी ठरत नाही.

सुरंगी (वेंगुर्ला)

जांभा, मावशींचं वाचून थांबले. तुमचं दुःख खरं आहे, तरी एक सांगते.

माझ्या आईला सिनेमाने सोसायला शिकवलं नाही. तिचं लग्न सतराव्या वर्षी झालं, आणि आमच्या गावात तेव्हा थिएटर काय, टीव्हीसुद्धा नव्हता. तिने जे सोसलं ते सिनेमा बघायच्या आधीच सोसून झालं होतं. पुढे गणपतीत चाकरमान्यांनी भाड्याने व्हिडिओ आणला, अंगणात टीव्ही मांडला, आणि तिथे आईने 'माहेरची साडी' बघितला. वाडीतल्या सगळ्या बायका होत्या. तिच्या घरात जे दाराआड झालं होतं ते अख्ख्या वाडीसमोर पडद्यावर होतं, आणि सासूच्या प्रत्येक बोलण्यावर बायका मोठ्याने शिव्या घालत होत्या. आई सांगते, त्या रात्री पहिल्यांदा तिला कळलं की हे फक्त आपल्याच घरात झालेलं नाही.

सिनेमा चांगला होता असं मी म्हणत नाही. पण त्या रात्री अंगणात जे झालं ते खोटं नव्हतं.

एसटी_स्टँड

'शोले' विसरलात वाटतं! १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. सुरुवातीची परीक्षणं थंड, धंद्यातल्या लोकांनी पडला म्हणून सांगून टाकलं. पुढे मुंबईत मिनर्व्हाला पाच वर्षांवर चालला. आणि फिल्मफेअर मिळालं किती? एकच, ते संकलनासाठी एम. एस. शिंदे यांना. समीक्षक आणि बक्षीसवाले, दोघांनाही चुकताना जगाने बघितलं.

रापण (मालवण)

@एसटी_स्टँड, 'शोले' प्रत्येक वादात येतो. पण १९७५ साली झोडपलेले बाकीचे सिनेमे सांगा बघू. आठवत नाहीत, कारण ते खरोखरच वाईट होते. एका चुकीवरून सगळ्या समीक्षकांना आंधळं ठरवता येत नाही.

निवृत्त_मास्तर (देवगड)

त्याच वर्षी 'जय संतोषी माँ' आला होता. कमी पैशात केलेला, चमत्काराची दृश्यं साधी. बायका चपला बाहेर काढून थिएटरात जात, पडद्यावर नाणी उधळत. तांत्रिक बाजू कच्ची आहे हे समीक्षकाने लिहिलं तर ते बरोबरच. पण देवळात आलेल्या माणसाला मूर्तीची घडण सुबक नाही असं सांगून काय उपयोग? तो घडण बघायला आलेलाच नाही.

पारख कोणी करावी हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीवर एक अध्याय आहे. त्यात परीक्षकांना 'प्राश्निक' म्हटलंय, आणि एकच माणूस सगळं पारखेल असं तिथे मानलेलं नाही. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणारा, नृत्य असेल तर नर्तक, वृत्तांसाठी छंद जाणणारा, शस्त्रांसाठी शस्त्र जाणणारा. ज्याला जे ठाऊक, त्याने ते पारखावं.

मग सासुरवासाच्या प्रसंगाचा प्राश्निक कोण? माझ्या मते सुरंगी यांच्या आई. कॅमेरा कुठे ठेवला हे त्यांना विचारू नका, ते समीक्षकाला विचारा. पण सासू ताट सरकवते ते खरं वाटतं की नाही, हे त्यांनीच सांगावं.

जांभा (रत्नागिरी)

मास्तर, पटण्यासारखं आहे, पण पूर्ण नाही. ज्याने सोसलं त्यालाच पारखायचा हक्क दिला, तर ज्याला ते सोसणं थोर वाटू लागलंय त्याचं काय करायचं? माझी मावशीही प्राश्निकच ठरेल. बाहेरून बघणाऱ्यालाच कधी कधी दिसतं.

पेटारा (कुडाळ)

उशिरा लिहितोय. माझे वडील दशावतारात पेटी वाजवतात, चाळीस वर्षं झाली. मी लहानपणी पेटाऱ्याला टेकून झोपलोय, म्हणून हे नाव.

तुम्ही सगळे असं धरून चालला आहात की एकीकडे समीक्षक आणि दुसरीकडे मिळेल ते गोड मानून घेणारा साधा प्रेक्षक. जत्रेतला प्रेक्षक बघा. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान कुठलं लावायचं ते ठरतं, कोणी काय करायचं ते ठरतं, आणि बोलणं रंगमंचावर उभं राहून जागच्या जागी रचायचं. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर. मग आख्यान, ते पहाटेपर्यंत. समोर बसलेल्या म्हातारीने तेच आख्यान तीस वेळा बघितलेलं असतं. राजाचं काम करणारा बोलण्यात अडखळला, की माणसं उठून खाज्याच्या दुकानाकडे चालू लागतात. वडील सांगतात, पेटी वाजवताना मान वर न करता फक्त पायांच्या आवाजावरून कळतं की प्रसंग पडला. आणि एखाद्या रात्री स्त्रीपात्र करणाऱ्याने विलाप असा केला की चहावाल्याने स्टोव्ह बंद केला, हे मी स्वतः बघितलंय.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर जी चर्चा होते ती कुठल्याही वर्तमानपत्रापेक्षा कडक असते. तलवारीचा हात सैल होता, अभंगाची पट्टी चढली, नारदाने पाचकळपणा केला. पण 'असलं बघायला येणारे तुम्ही कोण' असं तिथे कोणी म्हणत नाही, कारण बोलणारीही त्याच चटईवर बसलेली असते. म्हणून कलाकाराला ते लागतं आणि तो पुढच्या जत्रेत सुधारतो.

शिकलेल्या लोकांनी आमच्या कलेला गावंढळ म्हटलेलं वडिलांनी ऐकलंय. वाईट वाजवलंस म्हणून कोणी बोललं तर ते रात्रभर झोपत नाहीत, पहाटे उठून सूर धरून बसतात. गावंढळ म्हणणाऱ्याकडून मात्र ते काहीच शिकू शकले नाहीत, कारण त्याने पेटी ऐकलीच नव्हती.

रापण (मालवण)

पेटारा, हे वाचून बरं वाटलं. तरी जत्रेचं गणित सिनेमाला लागत नाही. विहिरीवरची चर्चा गावापुरती असते. 'श्वास' आठवा. २००४ साली आला. कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरात जातो, पोराच्या डोळ्याचा कॅन्सर, बस. नाचगाणं नाही, मोठा नट नाही. त्याला उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, 'श्यामची आई'नंतर मराठीला पहिल्यांदाच. त्यावर भरभरून लिहिलं गेलं म्हणून तो आमच्यापर्यंत आला. नुसत्या लोकांच्या आवडीवर सोडला असता तर मी तो बघितला नसता. माझे आजोबा माझ्या बहिणीला असंच घेऊन मुंबईला गेले होते, त्यामुळे तो सिनेमा बघितल्याशिवाय मरू नका एवढंच म्हणतो. समीक्षकाची गरज आहे.

सुरंगी (वेंगुर्ला)

गरज आहे, हे मी मान्य करते. 'श्वास'साठी तर नक्कीच. जांभा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्यावर विचार करते आहे.

काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. पेटारा यांचं दोनदा वाचायला लावलं. मग मी विचारलं, त्या दीड स्टारवाल्या सिनेमाबद्दल तुला खरं काय वाटतं? ती भाजी निवडत होती. म्हणाली, "शेवट लांबवल्यानी. तो धाकटो भाव रडता तां खोटा दिसता. पण सासूचा काम बरा केल्यान. ताट सरकवल्यान ना, तशीच सरकवायची आमची." थोडं थांबून, "माका रडू इला, तां खोटा काय?"

त्या परीक्षणात धाकट्या भावाच्या कामाबद्दल एक अक्षर नव्हतं.

पेटारा, यंदा तुमच्या वडिलांची पेटी आमच्या बाजूला कुठल्या जत्रेत आहे? आईला न्यायचं आहे.

पेटारा (कुडाळ)

तुळशीच्या लग्नानंतर तारखा लागतील, कळवतो. आईंना चटईवर पुढे बसवा, डाव्या बाजूला. मागे पेटी ऐकू येते पण बोलणं सुटतं. शेवटच्या दहीकाल्यापर्यंत थांबणार असाल तर शाल आणा, पहाटे गारठा असतो. आणि वडिलांनी विचारायला सांगितलंय की आख्यान कुठलं आवडतं त्यांना.