मदत हवी आहे: फेझंट शूटवर पहिल्यांदाच कुत्रे घेऊन जायचे आहे

क्लनकाठ

श्रॉपशायरमध्ये क्लन नदीच्या खोऱ्यात राहतो. इथल्या काही शेतकऱ्यांनी मिळून चालवलेलं छोटं फेझंट शूट आहे, म्हणजे फेझंट हे कोंबड्यासारखे रानपक्षी उठवून बंदुकांवरून उडवतात. आठ बंदूकवाले, दिवसाला चार-पाच ड्राइव्ह (पक्षी उठवायच्या फेऱ्या). शूट सांभाळणाऱ्या कीपरने नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मदतीला बोलावलंय, कुत्रे आणले तरी चालतील म्हणाला.

घरी दोघी आहेत. जांभळी, काळी लॅब्रडॉर, २० महिन्यांची. एक पौंडाची डमी (सरावाची गुंडाळी) व्यवस्थित आणून हातात देते, लांब शिट्टीवर बसते, आधीच मारलेला थंड फेझंट उचलते. गोळीबार फक्त दुरून ऐकलाय. दुसरी राणी, वर्किंग कॉकर, ३ वर्षांची, झुडपात घुसायला एका पायावर तयार, पण उत्साहात शिट्टी ऐकत नाही.

कोणाला कुठे लावू? सोबत काय न्यायचं? नवख्यांकडून हमखास काय चुकतं? तिकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही.

टेकडीपल्याड

दोघींना एकाच दिवशी नेऊ नका. जांभळीकडे बघेपर्यंत राणी मक्यात शिरलेली असेल.

जांभळीला हाक्यात, म्हणजे पक्षी उठवणाऱ्या रांगेत, अजिबात घालू नका. हाक्यात कुत्र्याच्या नाकासमोरून सारखे पक्षी उठतात, मागे धावायची चटक लागते आणि वर्षभर घडवलेला स्थिरपणा दोन-तीन शनिवारांत जातो. तिला पिकिंग-अपला, म्हणजे पडलेले पक्षी गोळा करायला, न्या. तिथेही या हंगामात तिचं मुख्य काम बसून बघणं हेच.

कीपरला सांगून एखाद्या जुन्या पिकर-अपच्या शेजारी उभे राहा. ही माणसं बंदुकांच्या रांगेमागे साधारण १५० ते २५० यार्डांवर असतात, म्हणजे आवाज येतो पण डोक्यावर फुटत नाही. पहिल्या ड्राइव्हला स्लिप लीड (फासाचा पट्टा) गळ्यातच ठेवा. पट्टा सैल हवा. ताणून धरला की कुत्रा त्याच्यावर रेलतो आणि काढल्याक्षणी सुटतो. पक्षी पडताना तिने बघायचं आणि बसून राहायचं, बस्स.

ड्राइव्ह संपल्याचा भोंगा वाजला की उघड्यावर पडलेले पक्षी तुम्ही स्वतः चालत जाऊन उचला, तिच्या डोळ्यांदेखत. दहा पडले तर आठ तुमचे. प्रत्येक पडलेला पक्षी आपला नसतो, हे तिला यातूनच कळतं. उरलेल्या दोनांसाठी मेलेला, तिला पडताना न दिसलेला, नेच्यात किंवा उंच गवतात असलेला पक्षी निवडा. वारा पक्ष्याकडून तिच्याकडे येईल अशा बाजूला उभे राहा, पट्टा काढा, पाच-सहा सेकंद थांबा, मग पाठवा. ते पाच-सहा सेकंद फार मोलाचे. पट्टा काढणं हीच 'जा' ची खूण झाली की कुत्रा हातचा गेला.

गोळीबार चालू असताना नवख्या कुत्र्याला सोडायचं नाही, कोणी 'सोडा हो' म्हटलं तरी. काही बंदूकवाल्यांचे स्वतःचे कुत्रे पेगजवळ, म्हणजे त्यांच्या उभं राहायच्या ठरलेल्या जागेजवळ, बसलेले असतात. त्यांच्या आसपासचे पक्षी विचारल्याशिवाय उचलू नका, तो त्यांच्या दिवसाचा आनंद असतो.

आणि ती कुंईकुंई करायला लागली तर? थोपटू नका, दटावूही नका. गुपचूप वळून शंभर यार्ड मागे या. आवाज करणं ही मोठी खोड आहे, फील्ड ट्रायलमध्ये (शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेत) त्यावर थेट बाद करतात. एकदा लागली की सुटत नाही.

हाकारा

राणीबद्दल. कॉकर हाक्यातच हवी, पण शिट्टी न ऐकणारी कॉकर कीपरचा अख्खा ड्राइव्ह घालवू शकते.

हाक्यात काय अपेक्षित असतं ते समजून घ्या. रानातले सगळे पक्षी एकदम उठवायचे नसतात, थोडे थोडे बंदुकांवरून जायला हवेत. मोकाट कुत्रा पन्नास यार्ड पुढे धावला तर चाळीस-पन्नास पक्षी एका झोतात उडतात. बंदूकवाल्यांच्या दोन-दोन गोळ्या होतात आणि बाकीचे पक्षी सुखरूप पलीकडे. मक्यात किंवा केलच्या (कोबीसारख्या पालेभाजीच्या) पट्ट्यात हे सर्वात लवकर घडतं, कारण फेझंटना उडण्यापेक्षा सरीतून पळत शेवटाला जाणं सोपं वाटतं आणि ते सगळे तिथे गोळा होतात. म्हणून पिकाच्या पट्ट्याचे शेवटचे तीस-चाळीस यार्ड राहिले की राणी स्लिप लीडवर. कीपरने सांगायची वाट बघू नका.

एरवी ती तुमच्यापासून १० ते १५ यार्डांच्या आत, डावीकडून उजवीकडे फिरत राहिली पाहिजे. रांग थांबली की तीही थांबली पाहिजे. अजून महिना हाताशी असेल तर रोज दहा मिनिटं एवढंच करा: नेच्यात सोडा, दोन छोट्या शिट्ट्यांवर वळवा, एका लांब शिट्टीवर बसवा. बसली नाही तर पुन्हा शिट्टी वाजवू नका, चालत जाऊन जिथे बसायला हवं होतं तिथे आणून बसवा. तीन-तीनदा शिट्टी फुंकणारा माणूस कुत्र्याला पहिल्या दोन शिट्ट्या सोडून द्यायला शिकवत असतो.

आक्मे कंपनीची २१०.५ क्रमांकाची शिट्टी बहुतेक स्पॅनियलवाले वापरतात, २११.५ लॅब्रडॉरवाले. एक जादा खिशात ठेवा.

पहिले दोन दिवस राणीशिवाय नुसते हाक्याला जा. काठी, झेंडा, रांगेतलं अंतर, कुठे थांबतात, सगळं कळेल. कुत्रा तिसऱ्या दिवशी.

बसलेला, न उडालेला पक्षी तिने तोंडात धरला तर ओरडू नका. पक्षी शांतपणे काढून घ्या, कीपरला सांगा. हे सगळ्यांच्या कुत्र्यांकडून होतं, लपवणं मात्र आवडत नाही.

ओली_वाट

थोडं कोरडं पण गरजेचं. फेझंटचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. इंग्लंडमध्ये रविवारी आणि नाताळच्या दिवशी फेझंट मारता येत नाहीत, त्यामुळे बोलावणं शनिवारचं किंवा आठवड्यातल्या दिवसाचं येईल. मादी माजावर असेल तर शूटवर न्यायचीच नाही, गाडीत बसवूनसुद्धा नाही. बाकी सगळे कुत्रे कामातून जातात. कीपरला आदल्या दिवशी कळवा. बीएएससी या ब्रिटिश शिकार-संघटनेच्या सदस्यत्वात सार्वजनिक दायित्वाचा विमा येतो, तो घेऊन ठेवा. आणि त्या भागात मेंढ्या भरपूर: मेंढीकडे कान टवकारणारा कुत्रा पट्ट्यावरच बरा.

झुडपात काम करताना गळपट्टा काढा, काटेरी तारेत अडकतो. काटेरी तारेवरून तरुण कुत्र्याला उडी मारायला लावू नका. फाटक शोधा, नाहीतर वरच्या तारेवर कोट टाकून उचलून पलीकडे द्या.

क्लनकाठ

खूपच उपयोगी, मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. जखमी होऊन पळणारा पक्षी दिसला आणि जवळ दुसरं कोणी नसेल तर जांभळीला पाठवू का? दुसरं, तिच्या आज्ञा मराठीत आहेत, 'बस', 'ये', 'आण'. बदलाव्या लागतील का?

टेकडीपल्याड

भाषा बदलू नका, शिट्टीच्या खुणा इथल्या ठेवल्यात तेवढं पुरे. एक मात्र पाळा. इथे लॅब्रडॉरला पक्ष्यामागे पाठवताना नुसतं त्याचं नाव घेतात. तुम्हीही तसं शिकवलं असेल तर रागावताना किंवा कौतुक करताना 'जांभळी' म्हणू नका, ती सुटेल. शिवाय रांगेत तिच्या नावाशी मिळतं नाव दुसऱ्या कुत्र्याचं नाही ना, सकाळीच बघा.

पळणारा पक्षी पहिल्या हंगामात नाही. नर फेझंटच्या पायाला आर असते. पंख फडफडवत ओरबाडतो. तरुण कुत्रा एकतर घाबरून पुढे पक्षी उचलायचंच सोडतो, नाहीतर त्याला गप्प करायला जबडा आवळायला शिकतो. पण पक्षी तसाच सोडायचाही नाही, जखमी पक्षी आधी, मेलेले नंतर, हा पिकिंग-अपचा पहिला धर्म. पक्षी कुठे शिरला ती जागा नजरेत पक्की करा, झाड, खांब, काहीतरी खूण धरा, आणि अनुभवी पिकर-अपला हात करून दाखवा. पाय लोंबकळत गेलेला किंवा पंख न हलवता तरंगत दूर उतरलेला पक्षी बहुधा लागलेला असतो, तोही सांगा. पक्षी जिवंत हातात आला तर प्रीस्ट, म्हणजे ती छोटी जड दांडी, डोक्याच्या मागच्या बाजूला एकच ठाम फटका. जवळ प्रीस्ट नसताना उभंच राहू नका.

जांभळीने आणलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या बरगड्या तपासा. पक्षी उताणा तळहातावर घ्या, छातीच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि तर्जनी हलकेच फिरवा. बरगड्या कमानीसारख्या गोल लागल्या पाहिजेत. एकाच बाजूला चेपल्या असतील तर पडण्यानेही होतं. दोन्ही बाजू आत गेल्या असतील तर जबड्याने. असं एकदा दिसलं तर पुढचा पक्षी द्या आणि तपासा, परत परत दिसलं तर पक्षी थांबवा, डमीवर परत जा आणि एखाद्या गनडॉग प्रशिक्षकाला दाखवा. वुडकॉक (लांब चोचीचा रानपक्षी) तिने तोंडात घ्यायचं नाकारलं तर काळजी नको. त्याची पिसं सैल असतात, वासही वेगळा, बरेच कुत्रे नाकारतात.

ओली_वाट

सामान: दोन स्लिप लीड, दोन लिटर पाणी, वाटी, मोठा टॉवेल, अंग सुकवायचा कोट, सलाईनच्या कुप्या, चिमटा, स्वतःला चिकटणारी पट्टी. सकाळचं खाणं अगदी थोडं आणि कामाच्या दोन तास तरी आधी. भरल्या पोटी धावल्याने पोटाला पीळ पडायची भीती असते, लॅब्रडॉरसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत जास्त. दुपारी दोन घास द्या. मुख्य जेवण घरी, अंग सुकून तासभर झाल्यावर.

घरी आल्यावर डोळ्यांच्या पापण्या उलटून गवताचं बी शोधा, कान, बोटांमधली जागा, काखा आणि पोट हाताने चाचपा. काटा ओल्या केसांत दिसत नाही, बोटाला लागतो. दुसऱ्या दिवशी शेपटी बुडापासून दोन-तीन इंच सरळ आणि पुढे मेल्यासारखी लोंबत असेल तर ती बहुधा मोडलेली नसते. थंडीत भिजून दमल्यावर शेपटीचे स्नायू दुखावतात. बहुतेक वेळा काही दिवसांच्या विश्रांतीने बरी होते, दुखत असेल तर पशुवैद्याकडून वेदनाशामक घ्या. माणसाची गोळी देऊ नका. शेपटी पूर्ववत हलेपर्यंत पुढचा शनिवार रद्द.